जपून जा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. तशी मी गेली काही वर्षं बसलेलीच आहे म्हणा, पण लिहायला बसणं वेगळं. एका बोटाने टाइप करायचं म्हणजे वेळ लागतो, आणि मध्ये संधिवाताने हातांना सुट्टी घ्यायला लावली होती.

आजचा विषय भाचीच्या फोनमुळे सुचला. तिच्या सासऱ्यांसाठी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घ्यायचं चाललंय. "मावशी, तू सात वर्षं वापरतेयस, काय काय बघायचं ते सांग ना," असं म्हणाली. सांगायला लागले तर पाऊण तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच. शिवाय हेच प्रश्न आधी दोन-तीन नातेवाइकांनी विचारले होते. म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकावं. ज्यांना खुर्चीशी देणंघेणं नाही त्यांनीही वाचा. कारण खुर्ची आज एकाच्या घरात असते, उद्या दुसऱ्याच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. शाळेत तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, तेव्हा बोटं नुसती कुरकुरायची. निवृत्तीनंतर गुडघे आणि घोटे गेले, आणि २०१४ मध्ये घरात साधी व्हीलचेअर आली. हाताने चाकं फिरवायची ती. पण ज्या बोटांना आमटीची वाटी उचलता येत नाही ती चाकं काय फिरवणार? म्हणजे मला ढकलायला कोणीतरी लागायचंच, आणि ते कोणीतरी म्हणजे आमचे हे.

ह्यांनी चार वर्षं एकदाही कुरकुर केली नाही. पण ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे, त्यात २०१६ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. चढावर त्यांना लागलेली धाप मला पाठीमागून ऐकू यायची. मग मीच जाणं कमी केलं. "आज नको, कंटाळा आलाय," असं म्हणायचं. कंटाळा वगैरे काही नसायचा.

दुसरी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते. ढकलायच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे कायम कोणीतरी उभं असतं. कोणाकडे गेलं तर गप्पा आपल्या डोक्यावरून होतात. "ह्यांना साखर चालते का?" हा प्रश्न मला न विचारता ह्यांना विचारला जायचा. आणि मैत्रिणीकडे गेले तरी मी तिच्याबरोबर एकटी कधीच नसायची. बायका एकमेकींशी जे बोलतात त्यातलं निम्मं बोलणं तिसरं माणूस खोलीत असलं की तोंडातून बाहेर पडत नाही, मग ते माणूस कितीही आपलं असो.

२०१८च्या दिवाळीत मुलांनी बॅटरीवरची खुर्ची घेतली. चांगल्या स्कूटरएवढी किंमत ऐकून मी नाराज झाले होते. पण उजव्या हाताशी असलेला तो छोटा दांडा, जॉयस्टिक म्हणतात त्याला, मी तळव्याने पुढे लोटला आणि खुर्ची निघाली. बोटं वळवावी लागली नाहीत, काही पकडावं लागलं नाही. मुलाने पुढे त्या दांड्यावर स्पंजचा एक चेंडू बसवून दिला. आता तर नुसता हात ठेवला तरी पुरतो.

ही खुर्ची मुळात माझ्यासारख्यांसाठीच तयार झाली, हे मी नंतर वाचलं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या कितीतरी सैनिकांना मणक्याला मार लागून पायच नाही तर हातही वापरता येत नव्हते. चाकं हाताने फिरवायची खुर्ची त्यांच्या काय कामाची? कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या जॉर्ज क्लाइन नावाच्या इंजिनियरने त्यांच्यासाठी विजेवर चालणारी खुर्ची तयार केली. ते वाचल्यावर माझी किमतीबद्दलची नाराजी गेली.

पण खुर्ची आली आणि घरात एक नवाच प्रश्न उभा राहिला. पूर्वी मला कुठे नेता येत नाही अशी अडचण होती. आता मी कुठे जाईन ह्याची सगळ्यांना भीती. मुलगी पुण्याहून रोज फोन करायची. "आई, हॉलमध्येच चालव हं. रस्त्यावर नको. जपून राहा." मुलगा, ह्यांच्यासकट सगळे तेच. एके दिवशी मी मुलीला म्हटलं, "अगं, तू आठवीत सायकलवरून शाळेला निघायचीस तेव्हा मी दारात उभी राहून काय म्हणायचे?" ती म्हणाली, "जपून जा." म्हटलं, बरोबर. जपून राहा नव्हते म्हणत.

आपल्या भाषेत हे दोन शब्दप्रयोग किती शेजारी शेजारी आहेत बघा. एकात माणूस घरात ठेवायचा असतो, दुसऱ्यात त्याला निरोप द्यायचा असतो. जपणं दोन्हीत आहे. पण पहिल्यात दुसरे आपल्याला जपतात, आणि दुसऱ्यात आपलं आपण जपायचं असतं. मला दुसरं हवं होतं. ते हवं तर त्याचा अभ्यास करायला हवा, हे शिक्षिकेला कोणी सांगायला नको. मुलीला म्हटलं, मला तीन महिने दे, मग माझी परीक्षा घे.

खुर्चीबरोबर इंग्रजीत एक पुस्तिका आली होती. ती डिक्शनरी घेऊन वाचली आणि वहीत मराठीत उतरवली. त्यातलं, आणि नंतर अनुभवाने कळलेलं, सांगते.

पहिला पाठ, बसताना आणि उठताना खुर्चीचं बटण बंद. कोपर, शाल, पर्स, काहीही त्या दांड्याला लागलं की खुर्ची हलते, आणि आपण त्या क्षणी अर्धवट उभे असतो. पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलूनच उतरायचं, त्यांच्यावर उभं राहायचं नाही, नाहीतर खुर्ची पुढे कलंडते. कुठे गप्पा मारत थांबलो तरी बटण बंद. घरात नातवंडं असतील तर हे फारच महत्त्वाचं, त्यांना तो दांडा खेळण्यासारखा दिसतो.

दुसरा पाठ ब्रेकचा. दांडा सोडला की खुर्ची आपोआप थांबते आणि ब्रेक लागतो. गंमत म्हणजे ह्या ब्रेकला लागायला वीज लागत नाही, सुटायला लागते. त्यामुळे बॅटरी संपली तरी खुर्ची सुसाट सुटत नाही, आहे तिथे घट्ट उभी राहते. मग ती हाताने ढकलायची तर मोटारींपाशी एक खटका असतो, तो फिरवून चाकं मोकळी करतात. चाकं मोकळी असताना खुर्चीला कुठलाच ब्रेक नसतो. म्हणून उतारावर त्या खटक्याला कोणी हात लावायचा नाही. आमच्या वॉचमनला मी हे तीनदा समजावून सांगितलं आणि मग त्याच्याकडून वदवून घेतलं.

तिसरा पाठ वेगाचा आणि चढ-उताराचा. माझ्या खुर्चीला वेगाचे पाच टप्पे आहेत. घरात पहिला, रस्त्यावर दुसरा, फार तर तिसरा. चौथा आणि पाचवा मी तरुणांसाठी सोडून दिले आहेत. चढ-उतार नेहमी सरळ रेषेत घ्यायचा, तिरका नाही, आणि मध्यावर वळायचं नाही. चढताना जरा पुढे झुकायचं, उतरताना मागे टेकून अगदी सावकाश. कमरेचा पट्टा लावलेला हवाच.

चौथा पाठ पुस्तिकेत नव्हता. तो साडीचा. पदर, ओढणी, शालीचं टोक चाकात जाऊ शकतं, आणि मोटार काही गळा ओळखत नाही. मी पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोचते, निऱ्या मांड्यांखाली दाबून घेते, शाल हवीच असेल तर तिच्याऐवजी स्वेटर.

तीन महिन्यांनी मुलगी आली. मी तिला स्वयंपाकघराच्या दारातून मागे मागे येऊन दाखवलं, लिफ्टमध्ये शिरून, थांबून, बाहेर येऊन दाखवलं. ती काही बोलली नाही. खाली जाऊन खुर्चीच्या पाठीला लावायची लाल चमकती पट्टी आणि एक सायकलची घंटी घेऊन आली. तो माझा निकाल.

आता बॅटरीविषयी, कारण सगळ्यांचे हाल तिथेच होतात. माझ्या खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, मिळून २४ व्होल्ट. त्या लेड-ॲसिड प्रकारच्या, पाणी न घालाव्या लागणाऱ्या. ह्या बॅटऱ्यांना उपाशी ठेवलेलं सोसत नाही. रिकाम्या राहिल्या की आतल्या पट्ट्यांवर थर बसतो आणि पुढे पोटभर चार्ज घेईनाशा होतात. म्हणून दिवसभरात वापर थोडा झाला तरी रात्री चार्जिंग, आणि चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत काढायचं नाही. आठ दिवस गावाला गेलात तरी निघण्यापूर्वी पूर्ण भरून ठेवा. चार्जर खुर्चीबरोबर आलेलाच वापरायचा, भिंतीतल्या प्लगमध्ये थेट, एक्स्टेन्शनची वायर नको. चार्ज होताना अशा बॅटरीतून थोडा हायड्रोजन बाहेर पडू शकतो, म्हणून मोकळी हवा हवी, वर पांघरूण नको, जवळ देवघरातली समई नको. बदलायच्या वेळी दोन्ही एकदम बदला. एक नवी आणि एक जुनी घातली तर जुनी नवीला ओढते. लिथियमची बॅटरी वजनाला हलकी असते, पण तिचा चार्जर वेगळा आणि नियमही थोडे वेगळे, तेव्हा ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

बॅटरीचं मोल मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं. सांगलीकरांना तो महिना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. आम्ही विश्रामबागेत, आमच्या इमारतीत पाणी आलं नाही, पण वीज गेली. लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. पाऊस सुरू झाल्यापासून मी रोज रात्री बॅटरी भरत होते, म्हणून वीज गेली तेव्हा सगळे दिवे लागलेले होते. मग काटकसर. बाथरूमला जाणं-येणं आणि संध्याकाळी एकदा गॅलरी, एवढंच. तिसऱ्या दिवशी दोन दिवे उरले असताना वीज आली. खालच्या भागात लोकांनी जे भोगलं त्यापुढे हे काहीच नाही. पण ते तीन दिवस ह्यांना मला एकदाही उचलावं लागलं नाही, हे मी विसरत नाही.

बाकीच्या देखभालीला मी हजेरी म्हणते. रोज सकाळी ब्रेक, घंटी, पट्टा आणि बॅटरीचे दिवे. ओली-सादी, कसलाही वेगळा आवाज आला तर त्या दिवशी बाहेर जायचं नाही. दर रविवारी हे चाकं बघतात, काही रुतलंय का, स्क्रू सैल झालेत का. महिन्यातून एकदा पुढच्या छोट्या चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापून चिमट्याने काढायचे. तुम्हाला खोटं वाटेल, पण एका महिन्यात वेणीभर निघतात. खुर्चीवर पाणी ओतून धुवायचं नाही, पिळलेल्या फडक्याने पुसायचं. आमच्या कामवाल्या मावशींना हे पटायला वेळ लागला. पावसात सगळ्यात आधी जॉयस्टिक झाकायची. त्याला हॉटेलात मिळते ती अंघोळीची टोपी अगदी बरोबर बसते. वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासणी. आमच्याकडे येणारा मेकॅनिक माझाच विद्यार्थी निघाला. शाळेत निबंधाला पास होत नसे. आता मला सर्किट समजावून सांगतो आणि वर विचारतो, "बाई, समजलं का?"

एक हजेरी आपल्या शरीराचीही. खुर्ची कितीही चांगली असली तरी एकाच जागी बसून कातडीला जखमा होतात. चांगली गादी हवी आणि दर अर्ध्या तासाने बूड थोडं हलवायला हवं. मी मोबाइलवर गजर लावते.

आता आमच्या सोसायटीच्या उताराची गोष्ट. प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दीड फूट उंची. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण १:१२ असावं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. हे गणित मी कागदावर मांडून कमिटीला दिलं होतं. कमिटीने सहा फुटांचा उतार बांधला. कारण अठरा फुटांत एक पार्किंग जात होतं. वर "बाईंसाठी एवढं केलं" असंही झालं. मी त्याच्यावरून जायला नकार दिला. थोडी नाराजी पसरली.

मग मेकॅनिकला बोलावलं. माझ्याऐवजी खुर्चीत ज्वारीचं पोतं बसवलं, कमरेचा पट्टा लावला, आणि कमिटीच्या मंडळींना खाली बोलावलं. तो बाजूने चालत जॉयस्टिक धरून खुर्ची चढवू लागला. निम्म्यावर पुढची चाकं अधांतरी झाली, मागची छोटी आधाराची चाकं टेकली, पोतं मागे रेललं आणि खुर्ची तिथेच गुरगुरत राहिली. कोणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात उतार मोडून नऊ-नऊ फुटांचा काटकोनातला उतार झाला, मध्ये वळायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. पार्किंगही वाचलं. आज त्या उताराचा सगळ्यात जास्त उपयोग बाबागाड्या, गॅस सिलिंडर आणि तिसऱ्या मजल्यावरचे गुडघे बदललेले काका ह्यांना होतो.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले होते, मुंबईत टीआयएफआरच्या परिषदेला आणि नंतर दिल्लीला. त्यांना दिल्लीतली स्मारकं बघता यावीत म्हणून तिथे तात्पुरते लाकडी उतार बसवले होते. पाहुणे मोठे होते म्हणून ते झालं, चांगलंच झालं. पण उतार पाहुण्यांसाठी घालून काढून ठेवायची वस्तू नव्हे, ती रोजच्या माणसासाठी असते.

मदत करणाऱ्यांसाठीही दोन शब्द, कारण त्यातले बरेच हे वाचतात. बॅटऱ्यांसकट माझी खुर्ची ६० किलोच्या आसपास आहे, वर मी. मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर चौघांनी मला खुर्चीसकट उचलायला घेतलं, आणि एका उत्साही पुतण्याच्या हातात पाय ठेवायची पट्टीच निघून आली. (नाव सांगत नाही. त्याने पुढे जिलेबी आणून दिली.) हात टेकायचे दांडे आणि पायाच्या पट्ट्या निघण्यासाठीच केलेल्या असतात, त्यांना धरून उचलायचं नाही. शक्यतो माणसाला आणि खुर्चीला वेगवेगळं न्या. आणि हात लावण्यापूर्वी बसलेल्या माणसाला विचारा. त्याला आपली खुर्ची माहीत असते.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, असं कोणाला वाटेल. पुढच्या गल्लीत माझी एक मैत्रीण राहायची. शाळेत आम्ही सत्तावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. २०२१ मध्ये तिला कॅन्सर निघाला. शेवटचे सहा महिने मी रोज संध्याकाळी पाच वाजता तिच्याकडे जात होते. तिच्या घराला एकच पायरी, तिच्या मुलाने तिथे लाकडी फळी टाकून दिली होती. मी तिच्या पलंगाशी खुर्ची नेऊन बटण बंद करायची आणि दार लोटून घ्यायची. माझ्या पाठीमागे कोणी नसायचं. ती रडायची, कधी मी. कधी आम्ही जुन्या मुख्याध्यापकांच्या नकला करून हसायचो. तिला मुलांसमोर बोलता येत नव्हतं ते ती तिथे बोलली. काय बोलली ते माझ्याजवळच राहील. चार वर्षांपूर्वीच्या ढकलायच्या खुर्चीत मी असते तर त्यातला एक शब्दही तिला बोलता आला नसता.

मी निघायची तेव्हा तिला उठवत नसे. पलंगावरूनच हात वर करून म्हणायची, "जपून जा गं."

भाचीला आता फोन करते. सासऱ्यांसाठी खुर्ची घेताना तिने दुकानदाराला चार गोष्टी विचाराव्यात. बॅटरी कुठली आणि नवी किती दिवसांत मिळेल, दुरुस्तीला माणूस गावात येतो का, घरातल्या सगळ्यात अरुंद दारातून खुर्ची जाते का, आणि चढ किती झेपतो. पण त्याआधी सासऱ्यांना एक विचारायचं, त्यांना कुठे जायचंय. उत्तर आलं की खुर्ची कुठली घ्यायची ते निम्मं ठरेल. आणि ते निघाले की दारात उभं राहून काय म्हणायचं, तेही तिला आता माहीत आहे.

असो. बोट दुखायला लागलं. चार्जरचा दिवा हिरवा झालेला दिसतोय, आणि कोपऱ्यावर भाजीवाला पाचपर्यंतच असतो. पदर खोचते आणि निघते.